टोपड्याचे त्रैराशिक

मराठीत 'अंगडे-टोपडे' असा एक गोड जोडशब्द आहे. बाळंतविड्याच्या गाठोड्यात लंगोट, दुपटी, झबली, कुंची, गोधडी इत्यादी पुष्कळ जिनसा असतात; परंतु त्या सर्वांतून लोकांनी नेमके अंगडे आणि टोपडे हेच दोन उचलून त्यांची जोडी लावून दिली. या जोडीतील अंगड्याचे महत्त्व कोणासही समजावून द्यावे लागत नाही. टोपडे मात्र बहुधा हौसेची वस्तू म्हणून गणले जाते. मामाने आणावे, बारशास घालावे, चार बायकांनी कौतुक करावे आणि पेटीत ठेवून द्यावे, एवढाच त्याचा उपयोग, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे गतवर्षीच्या पौषात आमच्या घरी आलेल्या प्रसंगाने मला नीट उमगले. त्या निमित्ताने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी विणकामाच्या सुया हाती धरण्याचाही योग आला. त्या विषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम मस्तकाचा विचार करू. प्रौढ माणसाच्या त्वचेचे एकंदर क्षेत्रफळ शंभर मानले, तर मस्तकाचा वाटा नऊच्या आसपास येतो. नवजात अर्भकाच्या बाबतीत तोच वाटा अठराच्या घरात, म्हणजे जवळजवळ एकपंचमांश असतो. एवढा मोठा भाग उघडा राहिला तर त्यातून उष्णता किती जाईल याचा हिशेब करणे कठीण नाही. शिवाय आपणांस थंडी वाजली की आपण कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्यानेच शरीरास ऊब येते. अर्भकास ही सोय जवळजवळ नसते. त्याच्या पाठीत, मानेत व खांद्यांच्या मध्ये एक विशिष्ट प्रकारची तपकिरी चरबी असते. ती जाळून ते आपली ऊब राखते. पूर्ण दिवसांच्या बालकाजवळ ही शिदोरी पुरेशी असते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाजवळ ती तुटपुंजी असते. अर्भकाचे तपमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे असे वैद्यकशास्त्र सांगते. ते खाली उतरले की बालकाची शक्ती वाढीऐवजी ऊब राखण्यातच खर्ची पडते, दूध ओढण्याचे बळ उरत नाही, आणि दुखणे बळावते.

हे ज्ञान सर्वस्वी नवे आहे असेही नव्हे. सुश्रुताने शारीरस्थानात नवजात बालकाच्या टाळूवर तुपात भिजविलेला कापसाचा बोळा ठेवावा असे सांगितले आहे. चरकाने बालकाची आस्तरणे व प्रावरणे मऊ, हलकी, स्वच्छ व सुगंधी असावीत असे म्हणून, दुसरी मिळणे शक्य नसेल तर तीच उत्तम धुऊन, शुद्ध व कोरडी करून पुन्हा वापरण्यास अनुज्ञा दिली आहे. चरकाचे हे शेवटचे वाक्य पुढे आमच्या किती उपयोगी पडले ते यथावकाश येईलच. अगदी अलीकडचे आणि आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण द्यावयाचे तर गडचिरोलीचे देता येईल. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ सालापासून तेथील ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांस घरोघरच्या नवजात बालकांची शुश्रूषा करण्याचे शिक्षण दिले. जंतुसंसर्गावर वेळीच उपचार करणे हा त्या कार्याचा मोठा भाग होता, आणि बालकास उबदार ठेवणे हाही त्याचा एक भाग होता. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सारांश, ऊब ही साधी वस्तू दिसली तरी तिचे मोल प्राणाइतके आहे.

आता प्रसंगाकडे वळतो. आमचे कुटुंब वाईस राहते. थोरले बंधू दादा, वहिनी, आम्ही उभयता, मुले, सुना असा एकत्र संसार आहे. आमच्या सूनबाईस माहेरी पोहोचविण्याचा दिवस ठरला होता. त्याच्या चार दिवस आधी, बत्तिसाव्या आठवड्यातच, तिला साताऱ्यास इस्पितळात न्यावे लागले आणि रात्री कन्या झाली. वजन एक हजार सातशे ग्रॅम; मस्तकाचा घेर एकोणतीस सेंटिमीटर. जन्मतः अडीच हजार ग्रॅमांखाली वजन असेल तर ते कमी समजतात, यावरून आमच्या चिंतेची कल्पना वाचकांस यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील परिचारिकेने चिरंजीवांच्या हाती एक चिठ्ठी दिली. टोपडी दोन, मोजे दोन जोड, मऊ सुती लंगोट डझनभर. तोवर इस्पितळातील एक सुती टोपी तिने बाळाच्या डोक्यावर चढविली होती. पण ती एवढी मोठी होती की घडोघडी डोळ्यांवर उतरे.

घरी काहीच तयार नव्हते, आणि ते नसण्यास कारण होते. आमच्या घराण्यात मूल जन्मास येण्यापूर्वी त्याच्यासाठी काही शिवून-विणून ठेवीत नाहीत, आणि जन्मल्यावरही बारशापर्यंत कोरे वस्त्र त्याच्या अंगास लावीत नाहीत. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी आणि आजोबांच्या धोतराचे लंगोट, हीच रीत आहे. या रीतीस हसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांपैकी नाही. शंभरदा धुतलेले वस्त्र कोऱ्या वस्त्राहून मऊ असते हे तर उघडच आहे. परंतु तिचे दुसरे एक कारण आहे, आणि ते कोणी बोलून दाखवीत नाही. पन्नास वर्षांपूर्वी वहिनींनी आपल्या पहिल्या बाळासाठी सगळा बाळंतविडा स्वहस्ते तयार केला होता. ते बाळ तीन दिवसांचे झाले आणि गेले. त्या गाठोड्याचे पुढे काय झाले हे घरात कोणी कधी विचारले नाही. तेव्हापासून घरात कोणास दिवस गेले की वहिनी एवढेच म्हणतात, "आधी बाळ येऊ दे, मग सुई-दोरा."

म्हणून मी बाजारातून लोकर आणण्यासाठी पिशवी घेतली तेव्हा वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, बारशाआधी कोरी लोकर तिच्या डोक्याला लावायची नाही. मला भीती वाटते."

त्या शब्दांपुढे शास्त्रार्थ चालवणे मला प्रशस्त वाटले नाही. परंतु आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "कोरी नको ना वहिनी? मग जुनी चालेल." आणि त्यांनी ट्रंकेतून एक पिवळा बिनबाह्यांचा स्वेटर काढून आणला. चिरंजीव पाच वर्षांचे असताना त्यांनीच तो विणला होता. धुऊन धुऊन त्याची लोकर सायीसारखी झाली होती. वहिनींनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि काही न बोलता शिवण उसवावयास बसल्या. चरकाची अनुज्ञा आणि वहिनींची रीत या दोहोंचा असा मेळ बसला.

तथापि एक अडचण उरलीच. सौभाग्यवतींची बोटे गेली सहा वर्षे संधिवाताने वाकली आहेत. त्यांना चमचा धरतानाही कष्ट होतात. सूनबाई इस्पितळात, पुतण्याची बायको तिच्या सोबतीस, आणि वहिनींची दृष्टी मंद. सौभाग्यवती मला म्हणाल्या, "अहो, सुया तुम्ही धरा. मी सांगते तसं करा. मुलांना आयुष्यभर गिरवायला लावलंत, आता तुम्ही गिरवा."

उसवलेल्या लोकरीस आधीच्या टाक्यांचे वळण पडलेले असते. ती तशीच विणली तर वीण उंचसखल येते. म्हणून खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता धुवावी, आणि खाली हलके वजन अडकवून वाळवावी. वाईच्या पौषातील उन्हात ते काम एका दिवसात झाले. बाळासाठी म्हणून घरातील कोणी धुरी देण्याची गोष्ट काढली. पण धूर कोवळ्या श्वासास अपायकारक असतो असे डॉक्टर सांगतात, म्हणून केवळ उन्हावर भागविले.

आता गणित. विणकामाच्या पुस्तकात 'इतके टाके घाला' असे लिहिलेले असते. परंतु लोकर जाड की बारीक, हात घट्ट की सैल, यावर सारे अवलंबून असते. तेव्हा प्रथम एक चौकोनी तुकडा विणून पाहावा आणि त्यावर पट्टी धरून टाके मोजावेत. आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या, सुयांवर त्या लोकरीचे दहा सेंटिमीटरांत बावीस टाके बसले. येथे लीलावतीतील त्रैराशिक आठवावे. प्रमाण दहा, फल बावीस; इच्छा किती? मस्तकाचा घेर एकोणतीस असला तरी टोपडे तेवढेच केले तर ते सैल होऊन निसटेल. वीण ताणली जाते, म्हणून घेरातून एक दशांश वजा करावा. बाकी सव्वीस. फलास इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे. बावीस गुणिले सव्वीस, भागिले दहा, उत्तर सत्तावन्नाच्या किंचित वर. शेंड्याशी टाके आठआठच्या गटाने कमी करावयाचे असतात, म्हणून आठाने निःशेष भाग जाणारी जवळची संख्या घ्यावी, ती छप्पन्न. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर सुमारे पस्तीस असतो. त्यास हाच हिशेब लावला म्हणजे बहात्तर टाके येतात. ज्यांना हे आले त्यांना कोणत्याही डोक्याचे टोपडे विणता येईल.

कृती अशी. छप्पन्न टाके सुईवर घ्यावेत. पहिल्या आठ ओळी एक टाका सुलट, एक टाका उलट अशा विणाव्यात. त्यामुळे काठ लवचीक होतो व कपाळास धरून राहतो. पुढील अठरा ओळी एक संपूर्ण सुलट, एक संपूर्ण उलट अशा आळीपाळीने विणाव्यात. मोठ्या बाळासाठी याच ओळी चोवीस-अठ्ठावीसपर्यंत वाढवाव्यात. मग शेंडा. सहा टाके सुलट व पुढचे दोन एकत्र, असे ओळभर करावे म्हणजे सात टाके कमी होऊन एकोणपन्नास राहतात. त्यानंतरची ओळ सबंध उलट. पुढे पाच सुलट व दोन एकत्र. पुन्हा उलट ओळ. याप्रमाणे प्रत्येक वेळी एकेक उतरत एक सुलट व दोन एकत्र इथपर्यंत यावे. सुईवर चौदा टाके उरतील. एक उलट ओळ घालून शेवटी सर्वच दोनदोन एकत्र विणावेत, सात उरतात. लोकर तोडून त्याचे टोक दाभणात ओवावे, या सातांतून काढून घट्ट ओढावे आणि त्याच धाग्याने दोन्ही कडा सपाट जोडाव्यात. सुईवर घेतलेली पहिली ओळ सोडून या टोपड्यात एक हजार आठशे एकेचाळीस टाके पडतात. मी मोजले आहेत, आणि सौभाग्यवतींनी पडताळा पाहिला आहे.

दोन सूचना मात्र कोणीही विसरू नयेत. टोपड्यास नाडी, फीत, गोंडा किंवा मणी लावू नये. नाडी गळ्याशी आवळण्याचे भय असते आणि मणी तोंडात जाण्याचे. आणि आतील बाजूस धाग्याचे एकही सुटे टोक राहू देऊ नये.

दोन रात्री मी विणीत होतो, आणि सौभाग्यवती शेजारी बसून "सुलट, उलट" असे सांगत होत्या. दादा एकदा डोकावून म्हणाले, "हे आता पुरुषांनी करायचं का?" त्यांस मी इतिहास सांगितला, तो येथेही सांगतो. दोन सुयांचे विणकाम आपल्याकडे इंग्रजी अमदानीत मिशनऱ्यांच्या शाळांतून व गोऱ्या मडमांकडून रूढ झाले. आपली मूळची लोकरीची विद्या म्हणजे धनगरांच्या मागावरची घोंगडी. मडमांकडून आले म्हणून आपण ते बायकांचे काम मानले, एवढेच. इजिप्तमध्ये मध्ययुगातील सुती विणीचे मोजे सापडले आहेत, म्हणजे ही कला बरीच जुनी. इंग्लंडात टोप्या विणणाऱ्यांचा धंदा एवढा मोठा होता की त्याच्या रक्षणासाठी एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत १५७१ साली कायदा झाला. उमराव वगैरे वगळून सहा वर्षांवरील प्रत्येकाने रविवारी व सणाच्या दिवशी देशी लोकरीची टोपी घातलीच पाहिजे, अशी सक्ती करण्यात आली. तो कायदा १५९७ साली रद्द झाला. विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली बांधणारा विल्यम ली हाही पुरुषच. आणि आजसुद्धा पेरू देशातील तितिकाका सरोवरातील ताकिले बेटावर टोप्या विणणे हे पुरुषांचे काम आहे; मुलगे लहानपणीच ते शिकतात. युनेस्कोने २००५ साली त्या बेटाच्या वस्त्रकलेचा जागतिक गौरव केला. दादांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "लोकर धरू का?"

हाती सुया घेतल्यावर विणीचे मर्म कळते. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा, दोन्ही सरळ ताठ असतात. म्हणून ते ताणले जात नाही. विणीत एकच धागा स्वतःच्याच फासांतून पुढे जातो. त्या वाकड्या फासांमुळे वीण ताणते व पुन्हा आकसते, आणि त्यांच्या पोकळ्यांत हवा कोंडून राहते. ऊब मुख्यतः त्या कोंडलेल्या हवेची. शिवाय एक टोक ओढले की सारे पुन्हा धाग्याचा धागा. मुंडकोपनिषदात विश्वाची उत्पत्ती सांगताना ऊर्णनाभाचा, म्हणजे कोळ्याचा, दृष्टान्त दिला आहे. तो आपणांतूनच तंतू सोडतो आणि आपणांतच परत घेतो. विद्यार्थ्यांस तो दृष्टान्त शिकवीत असता मला जाळे दिसे. आता वहिनींच्या हातांवर उलगडणारा पिवळा स्वेटर दिसतो. बापाच्या अंगावरचा धागा लेकीच्या मस्तकावर गेला, धागा तोच.

इस्पितळात परिचारिकेने टोपडे आतून-बाहेरून तपासले, शिवणीवर बोट फिरविले आणि मग बाळास घातले. ते भुवयांच्या वर नेमके बसले. तेथे सूनबाईस दिवसातून कितीतरी तास बाळास उघड्या छातीशी उभे धरून, वरून वस्त्र गुंडाळून बसवीत. बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपडे, एवढेच. या पद्धतीस कांगारूवरून नाव पडले आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत असल्यामुळे, ती सुरू केली. गरजेतून निघालेला हा उपाय पुढे श्रेष्ठ ठरला. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत एक किलोग्रॅमपासून एक हजार आठशे ग्रॅमांखालील वजनाच्या बालकांवर प्रयोग झाला, आणि जन्मतःच ही पद्धत सुरू केल्याने मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आमची नात त्याच वजनाच्या टप्प्यात होती, हे निराळे सांगणे नलगे. आई थकली की बापाने बसावे असा तेथे नियम होता. चिरंजीव सदरा काढून बसत. वहिनी भेटावयास गेल्या तेव्हा पाच मिनिटे पाहत राहिल्या, मग पिवळ्या टोपड्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "ऊब लागतेय हो पोरीला."

एकविसाव्या दिवशी एक हजार नऊशे पन्नास ग्रॅमांची होऊन ती घरी आली. बारसे त्यानंतर झाले. त्या दिवशी मामाने आणलेले रेशमी टोपडे तिच्या कपाळावर राहीना, आणि वहिनींनी पुन्हा पिवळेच चढविले.

एक इशारा येथे देणे अवश्य आहे. घरी आलेले, दिवस भरलेले, नीट वाढणारे बाळ झोपले असता घरात त्याच्या डोक्यावर टोपडे ठेवू नये, असे आता बालवैद्य सांगतात. ज्या मस्तकातून उष्णता जाते, त्याच मस्तकातून ती बाहेर पडणेही आवश्यक असते; अति उबेनेही बाळास धोका आहे, आणि घसरलेले टोपडे नाकातोंडावर येण्याचे भय निराळेच. बाळाच्या मानेस व पोटास हात लावून पाहावा. ते घामेजले असेल तर एक वस्त्र कमी करावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाविषयी मात्र डॉक्टर सांगतील तोच नियम.

आता त्या रीतीविषयी. मूल येण्यापूर्वी काही करून ठेवू नये, हा दंडक ज्या काळी पडला त्या काळी घरोघरी रिकामे पाळणे होते, आणि भरलेल्या गाठोड्याकडे पाहण्याचे दुःख आईस होऊ नये अशी त्यात माया होती. ती माया मी मानतो. परंतु आज सातव्या-आठव्या महिन्यात आलेले बालकही जगते, आणि त्याच्या जगण्यास ज्या वस्तू लागतात त्या पहिल्याच दिवशी लागतात. तेव्हा माझी सुचवणूक एवढीच की, विशिष्ट बाळाच्या नावाने काही करून ठेवण्याचे भय वाटत असेल तर कोणाच्याही नावाने करू नये. घरातील जुन्या मऊ लोकरीची छप्पन्न आणि बहात्तर टाक्यांची एकेक जोडी विणून, धुऊन, स्वच्छ पिशवीत घालून ठेवावी. आपल्या घरी लागली तर लागली. न लागली तर तालुक्याच्या इस्पितळात विचारून द्यावी. तेथे ती कोणा ना कोणास त्याच दिवशी लागते. वहिनींस ही तोड पटली आहे. उसवण्याचे काम त्यांनी आपणाकडे घेतले आहे, लडी दादा धरतात, टाके मी घालतो आणि मोजणी सौभाग्यवतींची असते. या मार्गशीर्षापर्यंत आमची अकरा टोपडी साताऱ्यास पोहोचली.